आधीचे वाचक

रहस्यकथा

पातळ पुठ्ठ्याचं कव्हर, पिनांची शिवण, बोट लावलं की चुरा होणारा कागद. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमच्या घरात त्यांतली एक उरली आहे. तिला कव्हर नाही आणि शेवटची पानंही नाहीत.

आजोबा सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढी बंद झाली की भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात जायचे, एक रहस्यकथा घ्यायचे, रात्रीतून संपवायचे आणि सकाळी पेढीवर जाताना परत करायचे. दुसऱ्या दिवसाचं भाडं वाचायचं. झुंजार आणि काळा पहाड त्यांना शेजारच्या माणसांइतके ठाऊक होते. त्यांनी मुंबई पाहिली ती फार नंतर. त्याआधीच गाड्यांचे पाठलाग, हॉटेलं, गोदीतले अंधारे रस्ते त्यांना पाठ होते.

वाचनालयांनी ही पुस्तकं सहसा दाखल करून घेतली नाहीत. दुकानं मिटली तशी ती रद्दीत गेली. कागदही टिकणारा नव्हता. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तो आधी तपकिरी होतो, मग कडेपासून तुटत जातो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अर्नाळकरांना एखाद-दुसरी ओळ मिळते. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांचं शिक्षण चौथी-सातवीवर थांबलं अशा किती जणांना सलग, न अडखळता वाचायची सवय या पुस्तकांनी लावली, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.

घरातल्या त्या एका पुस्तकाचा शेवट मला आजोबांनी सांगितला. सांगताना त्यांनी खुन्याचं नाव लगेच घेतलं नाही. आधी दिवा, मग खिडकी, मग जिन्यावरचा आवाज, असं क्रमानं आलं. अर्नाळकरांनी तो शेवट तसाच लिहिला होता की नाही, हे ताडून बघायला दुसरी प्रत मला अजून मिळालेली नाही.


चांदोबा

मामाने बांधून घेतलेले खंड. काळं कापड, कण्यावर साल.

मासिक मद्रासचं. १९४७मध्ये ते तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठी ‘चांदोबा’ १९५२मध्ये सुरू झाला. विक्रम-वेताळाचं ते चित्र शंकर यांचं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार. ते चित्रकार २०२० साली गेले. मासिक त्याच्या आधीच बंद पडलं होतं.

गोष्ट संपली की वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी चाललो झाडावर. मामाची रीत अशी होती की प्रश्न आला की पुढचं वाचायचं नाही. समासात पेन्सिलीनं आपलं उत्तर लिहायचं आणि मगच राजाचं बघायचं. मी ते खंड वाचले तेव्हा दर गोष्टीला मला दोन उत्तरं मिळाली, राजाचं आणि दहा वर्षांच्या मामाचं. राजा बहुतेक वेळा कर्तव्याच्या बाजूनं बोलतो. मामा बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूनं. गोष्टीशी वाद घालता येतो हे मला तिथे कळलं. पुढे महाविद्यालयात समीक्षा हा विषय आला तेव्हा तो अनोळखी वाटला नाही.


निम्म्या किमतीची पाठ्यपुस्तकं

जूनच्या पहिल्या आठवड्यात फुटपाथवर ढीग लागायचे. पुढच्या वर्गात गेलेली मुलं आपली पुस्तकं आणून द्यायची, मागच्या वर्गातली घेऊन जायची. आता सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, ते चांगलंच झालं. मध्यंतरी, २०२३-२४मध्ये, पुस्तकांतच लिहायची कोरी पानं घातली आणि एका पुस्तकाचे चार भाग केले. ते वर्षभरात भरून जायचं, पुढच्या मुलाला द्यायला उरायचं नाही. ती पद्धत नंतर मागे घेतली.

माझं मराठीचं पुस्तक ज्या मुलीचं होतं तिनं प्रत्येक कठीण शब्दावर बारीक अक्षरात अर्थ लिहिला होता. ती मला एकदाही भेटली नाही. तिनं व्यंकटेश माडगूळकरांच्या धड्याखाली, मूळ पुस्तकाच्या नावाला दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढे लिहिलं होतं, ‘हे मिळवायचं’. धडा म्हणजे एखाद्या पुस्तकाचा तुकडा असतो आणि बाकीचं पुस्तक कुठेतरी असतं, हे मला त्या दोन रेघांनी सांगितलं.

मी ‘माणदेशी माणसं’ मिळवलं. मग ‘बनगरवाडी’. माडगूळ आमच्याच जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. सांगलीत नदी आहे, ऊस आहे, आणि काही तासांच्या अंतरावर माणदेशात पाऊस पडत नाही म्हणून अख्खी वाडी उठून जाते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी मला भूगोलाच्या तासाला शिकवल्या होत्या. पण मेंढरं मरायला लागल्यावर माणसं बोलायची कशी थांबतात, हे कादंबरीत वाचल्यावर मी आटपाडीकडे जाणाऱ्या एसटीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.


भेटीचं पान

रद्दीतून घेतलेल्या ‘मृत्युंजय’च्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं आहे, ‘चि. सौ. कां. हिस, शुभविवाहप्रीत्यर्थ, सर्व मैत्रिणींकडून’. खाली सात सह्या.

लग्नात पुस्तक देणं आता क्वचित.


न कापलेली पानं

पूर्वी एका मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पानं छापत. तो कागद घडी घालून शिवत. त्याला फर्मा म्हणतात. घडीच्या कडा बांधताना कापल्या गेल्या नाहीत तर वाचणाऱ्यानं सुरीनं किंवा पट्टीनं कापायच्या. हल्ली सगळं यंत्र कापतं.

लघुनिबंधांचा एक संग्रह मला वाचनालयात असा सापडला. पहिले दोन फर्मे कापलेले, पुढचे बंद. कुणीतरी बत्तीस पानांवर थांबलं होतं. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या काळात हा प्रकार घराघरांत वाचला जायचा. आज वर्गातही तो परीक्षेपुरता येतो. मी ग्रंथपालांकडून पट्टी मागून घेतली. एकेक घडी उघडत गेले. पान उघडताना कागदाचा भुगा मांडीवर पडत होता. जे मी वाचत होते ते छापल्यापासून त्या प्रतीत कुणीही वाचलेलं नव्हतं. निबंध चांगले होते. बत्तीस पानांवर थांबलेल्या माणसाला विसाव्या निबंधापर्यंत जायला हवं होतं. तो भर दुपारच्या रिकाम्या रेल्वे स्टेशनबद्दल आहे.


तारखेची चिठ्ठी

शेवटच्या पानावर चिकटवलेला, चौकटी आखलेला कागद. परतीची तारीख जांभळ्या शिक्क्यानं उमटायची. आता बारकोड आहे, तारीख मोबाइलवर येते.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ घेतलं तेव्हा आधी मी ही चिठ्ठीच वाचली. सुरुवातीला तारखा विरळ आहेत. मग दाट रांग, एका महिन्यात तीन-तीन. मग एकदम थांबतात. ज्या वर्षांत ती दाट होते त्या वर्षांत ही कादंबरी कुठल्यातरी वर्गाला लागली असणार. अभ्यासक्रम बदलला आणि पुस्तक कपाटात गेलं. नंतरच्या मोकळ्या जागेत एकच तारीख आहे. पावसाळ्यातली.

कादंबरी १९३९ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोटीवर असेपर्यंत त्यांना एकमेकांचा सहवास आहे, बंदर आलं की नाही. महायुद्ध पेटायच्या वर्षात एका मराठी लेखकानं हे लिहिलं, याचं मला दर वाचनाला नवल वाटतं. पेपर लिहिताना मी तिच्यावर मुद्दे काढले. निर्वासितपण, राष्ट्रवाद, प्रेमाची अशक्यता. सगळे बरोबर होते. पण पुस्तक मिटताना मला आठवण यायची ती त्या एकट्या तारखेच्या माणसाची. त्याला परीक्षा नव्हती. त्यानं हे पुस्तक कुणी सांगितलं म्हणून नेलं, की नाव बघून नेलं? लढाईची गोष्ट असेल असं वाटलं असेल का त्याला? पुस्तक परत केल्यावर तो कुणाशी याबद्दल बोलला असेल? मी ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांना त्यावर प्रश्न सोडवायचा होता.


अनुस्वार

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी दोनदा वाचली. एकदा नव्या आवृत्तीत, एकदा खूप जुन्या प्रतीत. जुन्या प्रतीत ‘घरांत’, ‘केलें’, ‘होतें’ असं आहे. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. नियम योग्य होते, शाळेतल्या पोरांचा छळ थांबला.

तरी जुनी प्रत वाचताना माझा वेग आपोआप कमी झाला. लक्ष्मीबाईंचे पती टिळक घरातून निघून जातात, परत येतात, पुन्हा जातात, आणि ही बाई स्वयंपाकघरातून सगळं बघत, हसत, रडत, सांगत राहते. पहिल्या वाचनात मी हसण्याच्या जागांवरून धावले होते. दुसऱ्यांदा त्या जागी थांबले तर खाली केवढं तरी दुःख होतं. १९३६मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा पुस्तक पुरं व्हायचं होतं, शेवटचा भाग त्यांच्या मुलानं लिहिला. वाक्यांची चाल तिथे बदलते. जुन्या प्रतीत तो बदल मला कानाला कळला.


शुद्धिपत्र

खिळे जुळवून छापायचे तेव्हाची गोष्ट. जुळाऱ्याच्या हातून चूक राहिली आणि फर्मा छापून झाला की उपाय नसे. म्हणून शेवटी एक पान. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध.

एका कथासंग्रहाच्या प्रतीत आधीच्या वाचकानं शुद्धिपत्र समोर ठेवून प्रत्येक चूक आत जाऊन दुरुस्त केली आहे. पंधरा-वीस असतील. एकही सोडलेली नाही. मग त्याला शुद्धिपत्रातही न आलेली एक सापडली आहे, तीही केली आहे.


उतरवलेल्या कविता

आईची दोनशे पानी वही. झेरॉक्स महाग, पुस्तक आठवड्यात परत द्यायचं, म्हणून आवडलेलं उतरवून घ्यायचं. बोरकर, इंदिरा संत, बहिणाबाई, आणि मध्येच चकलीचं प्रमाण. काही कवितांत तिनं शब्द बदलले आहेत. मी मूळ शोधून पाहिलं. दोन ठिकाणी मला तिचाच शब्द बरा वाटतो.


ऑगस्ट २०१९

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि दिवसेंदिवस उतरलं नाही. गावभागातल्या घरांत, दुकानांत, वाचनालयात शिरलं.

पाणी गेल्यावर आम्ही मदतीला गेलो. पुस्तकं भिजून फुगली होती आणि कपाटांत इतकी घट्ट बसली होती की बाहेर ओढता येत नव्हती. फळ्या तोडाव्या लागल्या. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं वीट होऊन गेली. त्या कागदावरचा लेप विरघळतो आणि पानं एकमेकांना धरतात, वाळल्यावर सुटत नाहीत. साध्या कागदावरची जुनी पुस्तकं मात्र दोरीवर टांगली, पंख्याखाली ठेवली, पानापानात वर्तमानपत्र घातलं, तर बरीचशी वाचली.

छपाईची शाई तेलाची असते. ती पाण्यात टिकली. कथा, कादंबऱ्या, कविता सगळ्या जागच्या जागी होत्या. शिक्क्याची शाई आणि फाउंटन पेनची शाई वाहून गेली. तारखांच्या चिठ्ठ्या जांभळ्या डागांच्या झाल्या. भेटीची पानं, सह्या, ‘पान १९ वर पहा’ म्हणून केलेल्या खुणा, सगळं धुतलं गेलं. आम्ही एकेक पुस्तक उघडून बघत होतो आणि आनंदानं ओरडत होतो, छापील मजकूर शाबूत आहे म्हणून. काय गेलं हे माझ्या लक्षात घरी आल्यावर, रात्री आलं.

पेन्सिल राहिली. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही.


‘बलुतं’च्या समासात

म्हणून हे राहिलं आहे. दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८, ग्रंथालीनं काढलेलं. कडेला पिवळी रेघ, पुराच्या पाण्याची.

मी हे पुस्तक पहिल्यांदा ‘दलित आत्मकथनाची वैशिष्ट्ये’ या प्रश्नासाठी वाचलं. गाईडमध्ये वैशिष्ट्यं दिली होती. समाजदर्शन, प्रांजळपणा, बोलीचा वापर. या प्रतीच्या समासात पेन्सिलीची अक्षरं आहेत, गोल, शाळेतल्या मुलासारखी. गावकीच्या कामाच्या वर्णनापाशी एका गावाचं नाव लिहिलं आहे, मिरज तालुक्यातलं. पुढे नुसतं ‘आजा’. आणखी पुढे मुंबईतल्या खोलीचं वर्णन येतं तिथे ‘आम्ही ९ जण’. आईबद्दल लिहिलेल्या एका परिच्छेदाशेजारी काही नाही, फक्त उभी रेघ, इतकी दाबून ओढलेली की पानाच्या मागच्या बाजूला ती बोटाला लागते.

त्या पुस्तकाची सुरुवात मोठी वेगळी आहे. दगडू मारुती पवार दया पवारला आपली हकिकत सांगतो. एकाच माणसाची दोन नावं, एक गावचं, एक लेखकाचं, आणि दोघं समोरासमोर बसतात. मला ही रचना शिकवली होती, मी ती उत्तरात लिहिलीही होती. या प्रतीत दगडू सांगतो, दया ऐकतो, आणि तिसरा माणूस समासातून ‘आमच्याकडेही’ म्हणतो. पुस्तकावर काही लिहू नये, असा नियम पहिल्याच पानावर छापलेला आहे. या माणसानं तो मोडला म्हणून मी त्याची ऋणी आहे. गाईडमधल्या वैशिष्ट्यांपैकी एकही त्याला टिपावंसं वाटलं नव्हतं. त्यानं गाव, आजा आणि माणसांची संख्या टिपली.


मागणीची चिठ्ठी

पूर्वी वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नसे. काउंटरवर कागदाचा कपटा द्यायचा, त्यावर पसंतीक्रमानं नावं. ग्रंथपाल आत जाऊन जे असेल ते आणत. आता आपणच रॅकमधून घेतो, आणि बहुतेक वेळा आधी ठाऊक असलेलंच घेतो.

मी बारावीत असताना आमच्याकडे अजून चिठ्ठी चालायची. मी ऐतिहासिक कादंबऱ्यांची नावं लिहिली होती. ग्रंथपालबाई आत गेल्या आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ घेऊन आल्या. म्हणाल्या, “हे ने. नाही आवडलं तर उद्या बदलून देते.”

पहिली पन्नास पानं जड गेली. वऱ्हाडी बोली, आम्हा सांगलीकडच्यांना कानाला परकी. मग कौतिक जवळ आली. नवऱ्याच्या हातून काही धड होत नाही, त्याला महारोग होतो, पोरं लहान, आणि ही बाई एकेक दिवस ओढून पुढे नेते. शेळके कुठेही तिची कीव करत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. १९६०मध्ये आलेली ही कादंबरी मराठीतल्या पहिल्या पाचांत ठेवावी असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. त्या वयात मला स्वतःहून ती सापडली नसती. बाईंनी ती मला का दिली, हे मी परत करताना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या आईनं नेलं होतं, तुझ्याएवढी असताना.”

त्यांच्या जागी कायमचा ग्रंथपाल नंतर आला नाही. अनुदानात एका माणसाचा पुरता पगारही निघत नाही, म्हणून दोन तासांपुरतं कुणीतरी बसतं.


निर्लेखन

फाटलेली, वाळवी लागलेली, भिजलेली किंवा जुनी आवृत्ती म्हणून नको झालेली पुस्तकं नोंदवहीतून कमी करतात, त्याची रीत आहे. यादी करायची, समितीनं मंजूर करायची, दाखल क्रमांकापुढे लाल शाईनं शेरा मारायचा, पुस्तकं वजनावर विकायची. जागा कमी असते, नवी पुस्तकं येत असतात, हे करावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदाच्या यादीत ‘धग’ आहे, कारण नवी आवृत्ती आली. ‘बलुतं’ आहे, पिवळ्या रेघेमुळे. मी अर्ज केला की यादीतली पुस्तकं विकण्याआधी मला बघू द्यावीत, पेन्सिलीनं जे काही लिहिलेलं असेल ते उतरवून घेऊ द्यावं. अर्ज मंजूर झाला. संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आधीचा तास मला दिला आहे. वहीत मी दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, पान आणि मजकूर असे चार रकाने आखले आहेत. नावं घेत नाही, कारण बहुतेकांनी लिहिलेलीच नाहीत. कथासंग्रह झाले, कादंबऱ्या ‘प’पर्यंत झाल्या. चरित्रांत फारसं काही नसेल असं वाटलं होतं, पण तिथेच सगळ्यात जास्त निघतं आहे.